आत्याचा पाय, पावसाचं पाणी

मे महिन्याच्या शेवटी गुहागरकडच्या आमच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, दगडांचे नमुने मांडले होते. चुलतभावाने चिपळूणहून आणलेले पेव्हर ब्लॉक, एक लाल नि एक राखाडी. कोट्याचा गुळगुळीत तुकडा. खाणीतून निघते तशीच खडबडीत ठेवलेली शहाबादी फरशी. कडप्प्याची काळी पट्टी. आणि आमच्याच पाखाडीतून, म्हणजे रस्त्यावरून घराकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेतून, निखळलेला एक जांभा चिरा. आमच्याकडे रस्ता वर, घर खाली. मधली पाखाडी झिजली आहे, दोन ठिकाणी खचली आहे, तिचं काय करायचं यावर सगळे आपापलं मत देत होते. वहिनी रंग बघत होती, भाऊ दर सांगत होता, मी जांभ्याची बाजू लढवत होते. आत्या पडवीत बसून ऐकत होती. मग ती उठली, काठी टेकत खाली आली आणि म्हणाली, "तांब्याभर पाणी आण गो." मी आणलं. तिने ते सगळ्या नमुन्यांवर ओतलं, चपला काढल्या, माझा दंड धरला आणि एकेका तुकड्यावर उजवा पाय ठेवून भार देऊन पाहिला. कोट्यावर टेकवला आणि लगेच उचलला. शहाबादीवर जरा थांबली. जांभ्यावर वाळून काळं पडलेलं शेवाळ होतं, ते पाण्याने पुन्हा बुळबुळीत झालं. तिच्या बोटांची पकड माझ्या दंडावर घट्ट झाली ती मला कळली. शेवटी दोन्ही पेव्हर ब्लॉक शेजारी ठेवायला लावून ती त्यांवर सरळ उभी राहिली, माझा दंड सोडून. "हा बरा," म्हणाली.

मला ते लागलं.

लागलं, कारण ह्या पाखाडीवर आत्याइतकं कोणीच चाललेलं नाही. ह्याच घरात ती जन्मली, ह्याच वाटेने सासरी गेली, आणि मुंबईतला संसार आटोपल्यावर ह्याच वाटेने परत आली. तिने जांभा नाकारणं मला फार आतून खटकलं. घरी पुण्याला आल्यावरही तो पाय, ते पाणी आणि तो "हा बरा" मनातून जाईना. बागेतल्या, अंगणातल्या वाटेला काय घालावं हा मला तोवर आवडीचा प्रश्न वाटत होता. जांभा आपल्या मातीतला, म्हणून जांभा. माझ्या लेखी विषय तिथेच संपत होता.

जांभ्याबद्दलचं माझं प्रेम लहानपणापासूनचं आहे आणि ते तळपायातून आलेलं आहे. सुट्टीत गेलो की चपला पडवीच्या कोपऱ्यात पडायच्या त्या परत निघेपर्यंत. जांभ्यावर अनवाणी चालायचं म्हणजे तळव्याला बारीक बारीक छिद्रं, मधेच एखादा लोखंडी गाठीसारखा टणक खडा, मधेच पिवळट मऊ माती भरलेला खळगा. दुपारी तो तापायचा, पण त्याच्यावर पळत जाता यायचं. देवळाच्या आवारातल्या काळ्या फरशीवर मात्र टाचा उचलून नाचावं लागायचं. संध्याकाळी खळ्यात पाणी शिंपडलं की चिरा ते पिऊन टाकायचा आणि थोड्या वेळाने नुसता गारवा उरायचा. पाखाडीत वरून मोजत आलं की फणसाजवळ एक चिरा डुगडुगायचा. आजीने तो कधी बसवू दिला नाही. वरून कोणी उतरलं की तो खट् वाजायचा आणि माजघरात तिला कळायचं की माणूस आलं, चहाचं आधण वाढवायला हवं. कोणाचं पाऊल आहे हेसुद्धा ती त्या आवाजावरून ओळखायची. पोस्टमनचं झपाझप, कुळवाड्याचं जड आणि सावकाश, आणि आम्हा मुलांचं दोन-दोन पायऱ्या गाळून.

ह्या दगडाची घडणच नवलाची आहे. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातलं धुऊन नेण्यासारखं सगळं धुऊन नेलं आणि मागे लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, म्हणून तो तांबडा. खाणीतून नुकता निघालेला चिरा ओला आणि मऊ असतो, सहज तासता येतो. उघड्यावर हवा-ऊन लागून वाळत गेला की टणक होत जातो. पूर्वी माणसं हातांनी चिरे काढायची, आता खाणीवर फिरत्या पात्याचं यंत्र चालतं आणि लाल धुरळा लांबवरच्या झाडांवर बसतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, ह्याच जांभ्यात हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी चित्रं कोरून ठेवली आहेत. कशेळीला कोरलेला तो प्रचंड हत्ती पाहायला गेले होते तेव्हा मी त्याच्या कडेकडेने चालले होते. इतका मोठा की जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावत नाही, चालूनच समजून घ्यावा लागतो. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेली तेव्हा मला घरातलं कोणीतरी गौरवलं गेल्यासारखा आनंद झाला होता.

पण तो सडा उघडा, उन्हातला. आमची पाखाडी फणस, पोफळी आणि आंब्याच्या दाट सावलीत.

हा फरक आत्याला माहीत होता. गुहागरकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. छिद्राळ दगड ते पाणी धरून ठेवतो, सावलीमुळे वाळत नाही, आणि आषाढ संपायच्या आत त्याच्यावर हिरवा थर चढतो. पूर्वी पावसाळ्याआधी पाखाडी घासली जायची, चुना टाकला जायचा, पाऊस लागला की घसरड्या जागी नारळाची सोडणं आणि झावळ्या पसरल्या जायच्या. आठवणीतली ती सुंदर, लाल, स्वच्छ पाखाडी नुसत्या दगडाची नव्हतीच. रोज पहाटे तिच्यावर खराटा फिरवणाऱ्या, कमरेत वाकून शेवाळ खरवडणाऱ्या बायकांची ती होती. त्यातली एक आत्या. आता घरात ती आणि तिच्या सोबतीला राहणारी एक बाई. खरवडणार कोण? दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ती ह्याच पाखाडीवर घसरली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर पावसाळ्याचे चार महिने ती रस्त्यावर येत नाही. देवळात जात नाही, शेजारी हळदीकुंकवाला जात नाही, एस्टीतून कोणी ओळखीचं उतरलं तर त्याला वर जाऊन भेटत नाही. वाट घसरडी झाली आणि तिचं गाव खळ्यापुरतं उरलं.

मी जांभ्याची बाजू लढवत होते तेव्हा ही गोष्ट मला माहीत होती. तरीही मला जांभाच हवा होता. दोन्ही खरं आहे.

पेव्हर ब्लॉकवरचा माझा राग पुण्यातून आलेला आहे. आमच्या सोसायटीच्या बागेत पूर्वी मुरमाची वाट होती, कडेला विटा तिरक्या खोचलेल्या. पावसात चिखल होतो, मुलांचे बूट भरतात, म्हणून ती काढली आणि ब्लॉक बसवले. वाईट बसवले असं म्हणता येणार नाही, अगदी ओळंब्यात बसवले. फक्त खाली आधी सिमेंट काँक्रीटचा थर ओतला, वरून सांधेही सिमेंटने भरले, आणि बकुळीच्या बुंध्यापर्यंत सगळं बंद केलं. वाळूवर बसवलेल्या ब्लॉकच्या फटींतून पाणी झिरपतं हा त्यांचा मुख्य गुण. खाली दाबलेल्या खडीचा थर, वर साधारण २५ ते ४० मिलिमीटर वाळू, त्यावर ब्लॉक, फटींत पुन्हा बारीक वाळू, आणि कडेला सगळं घट्ट धरून ठेवणारी पट्टी. एवढं केलं की हवं तेव्हा ब्लॉक उचलता येतात, खालची पाइप दुरुस्त करून परत बसवता येतात. खाली काँक्रीट ओतलं की यातला एकही गुण उरत नाही. आता आमच्याकडे जोराचा पाऊस आला की बागेचं पाणी पार्किंगमध्ये उतरतं आणि बकूळ मात्र उन्हाळ्यात पानं गाळते. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश मी सोसायटीच्या बैठकीत वाचून दाखवला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. बकुळीभोवतीचे ब्लॉक अजून तिथेच आहेत, मी दर बैठकीत तो विषय काढते आणि काढत राहणार आहे.

माथेरानला तर हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माथेरानची ओळख म्हणजे ती लाल मातीची वाट, तिच्यावरून येणारा घोड्यांच्या टापांचा मऊ आवाज आणि परतल्यावर मोज्यांना चिकटलेला तांबडा रंग. दर पावसाळ्यात ती माती वाहून जायची, उघडे दगड राहायचे, हातरिक्षा ओढणाऱ्यांची छाती फुटायची, ई-रिक्षा त्या दगडांवर चालायची नाही. म्हणून ब्लॉक आले. मग घोडेवाले म्हणाले, उतारावर ब्लॉक ओले झाले की घोड्याचा पाय सरकतो, नालाला मातीच हवी. २०२५ च्या निकालात न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉकची मुभा दिली आणि आतल्या वाटा त्यातून वगळल्या. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. ती बातमी वाचताना मी प्रथमच तिकडे पायांच्या बाजूने पाहिलं. घोड्याचा पाय, हातरिक्षावाल्याचा अनवाणी पाय, पर्यटकाचा बुटातला पाय, शाळेत जाणाऱ्या मुलाचा पाय. प्रत्येकाला जमीन वेगळी हवी, आणि डोंगर एकच.

आत्याच्या पायाला काय हवं हे मी मग तिला फोनवर नीट विचारलं. रंग, घाट, काही नाही. तिने एकामागून एक सांगायला सुरुवात केली. पायरी नको, कारण गुडघा वाकत नाही. पायरी असलीच तर उंची सगळीकडे एकसारखी हवी. पाचव्या पायरीला सवय होते आणि सहावी दोन बोटं उंच लागली की तोल जातो. पृष्ठभाग खरखरीत हवा, पण काठी अडकेल इतक्या रुंद फटी नकोत. रंग फिका हवा, कारण संध्याकाळी दिवे गेले की तांबड्या चिऱ्यावर फुरसं, म्हणजे तो बारीक विषारी साप, बसलेलं दिसत नाही. हे मला कधी सुचलंच नसतं. जांभ्याच्या गडग्यांच्या फटींत फुरशी राहतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक, लहानपणी आजी पाखाडीच्या दोन्ही कडांना चुन्याचे पट्टे ओढून घ्यायची ते शोभेसाठी असावेत असं मला वाटायचं. "शोभेला कसले गो," आत्या म्हणाली, "काळोखात वाट दिसावी म्हणून." आणि शेवटची गोष्ट तिने जरा थांबून सांगितली. वाट इतकी रुंद हवी की तिच्या बाजूने कोणाला तरी चालता येईल. जुनी पाखाडी अरुंद. एकामागे एक चालावं लागतं. हात धरणारा माणूस पुढे किंवा मागे, आणि पडायला होतं ते कडेला.

त्या पाखाडीच्या अरुंदपणाची मला दुसरीच आठवण आहे. आजोबांना नेलं तेव्हा खांदेकऱ्यांना शेजारी शेजारी पाऊल टाकता येईना. बाहेरच्या बाजूचे दोघे पाखाडी सोडून पोफळींच्या मुळांतून, पाटाच्या चिखलातून चालले. भर पावसात. त्यातला एक जण गुडघ्यापर्यंत रुतला तरी त्याने खांदा खाली येऊ दिला नाही. आत्या तेव्हा पडवीच्या खांबाला धरून बघत होती. फोनवर ती हे काही बोलली नाही, मीही बोलले नाही, पण रुंदीचा विषय निघाला तेव्हा आम्ही दोघी थोडा वेळ गप्प होतो.

पुढच्या वेळी गेले तेव्हा गवंड्याला बोलावलं. आमच्याकडे जांभ्याचं काम करणारी जुनी माणसं आता थोडी आहेत; हा त्यांतल्या एकाचा मुलगा, बापाबरोबर चिरे तासत मोठा झालेला. त्याने मांडून ठेवलेल्या नमुन्यांकडे पाहिलंही नाही. आधी वर रस्त्यावर गेला, दोरी आणि पाण्याची नळी घेऊन उंची मोजली. आठ फूट. मग म्हणाला, दगड कुठलाही आणा, सरळ उतरवलात तर आत्याबाईंना झेपायचा नाही. काठी किंवा चाकाची खुर्ची घेऊन चढायचं तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरतात. आठ फुटांना शहाण्णव फूट. एवढं अंतर सरळ रेषेत आमच्याकडे नाही. तर वाट रस्त्यापासून निघून आधी फणसाच्या पलीकडून जाईल, तिथे एक सपाट विसावा, वळसा, पुन्हा एक विसावा, आणि खळ्याच्या बाजूच्या अंगाने घरात. जुनी पाखाडी आहे तशी राहील. एका अंगणात दोन वाटा, एक चढणाऱ्या पायांची, एक टेकत जाणाऱ्या पायांची. हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की आम्ही इतके दिवस एकाच वाटेवर का भांडत होतो हे मला समजेना.

त्याच्याकडून मी त्या दुपारी पुष्कळ शिकले. उतारावर ब्लॉक हळूहळू खाली सरकत जातात, म्हणून ते ओळीत न लावता एकमेकांना आडवे-तिरपे अडकवून लावायचे, म्हणजे एकाचा भार दुसरा धरतो, आणि तळाशी जाड जांभ्याची पट्टी पुरायची. वाटेला आडवा ढाळ फुटाला पाव इंच द्यायचा, त्याहून जास्त दिला की म्हाताऱ्या माणसाचा घोटा तिरपा पडतो, कमी दिला की पाणी थांबतं. जांभ्याचं शेवाळ टाळायचं तर दगडापेक्षा फांद्यांकडे बघा, तो म्हणाला. वरच्या दोन फांद्या उतरवल्या आणि दुपारचं ऊन तासभर पाखाडीवर पडलं तरी निम्मा फरक पडतो. मी शहाबादीचं विचारलं, कारण आत्या तिच्यावर थांबली होती. चालेल, पण पायांनी दोन-चार वर्षांत गुळगुळीत होते, मग जात्याला टाकी लावतात तशी टाकी मारून घ्यावी लागेल, आणि ते काम करणारं माणूस मिळायला हवं. फणसाशी मात्र त्याने हात वर केले. तिथे कुदळ घालणार नाही. मुळं वरवर पसरली आहेत, ती तोडली तर झाड दोन पावसाळ्यांत बसेल. तेवढ्या टप्प्यात खोदकाम न करता वरूनच जांभ्याचा बारीक चुरा दाबून पसरायचा, दोन्ही कडा चिऱ्यांनी बांधायच्या आणि दर वर्षी थोडी भर घालायची. म्हणजे नव्या वाटेचा मधला तुकडा लालच राहणार. हे ऐकून माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, वहिनी हसली.

ब्लॉक राखाडी घ्यायचे ठरले, फिके, ६० मिलिमीटर जाडीचे. गाडी जाणार नाही तिथे त्याहून जाड लागत नाहीत. रुंदी पाच फूट. भावाला अजूनही खाली काँक्रीट हवं आहे. एकदा करून टाकू, परत बघायला नको, असं तो म्हणतो, आणि त्याच्या बोलण्यातली काळजी मला कळते. पुण्या-मुंबईहून दर मोडतोडीला धावत यायचं त्यालाच असतं. मी त्याला सांगते की पाटाचं पाणी त्या वाटेखालून आगरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जायला हवं, ते अडलं तर पोफळी सुकतील, आणि बंद केलेली जमीन पाणी घरात पाठवेल. तो ऐकतो. पूर्ण पटलेलं नाही. पाटावरचा पोफळीच्या सोटांचा जुना साकव, म्हणजे लहानसा पूल, काढून तिथे दगडी लादी टाकायची आणि खालचा पाट उघडा ठेवायचा, एवढं त्याने कबूल केलं आहे.

जुन्या पाखाडीचे निखळलेले चिरे त्याच जागी परत बसवायचे. नवे यंत्राने कापलेले चिरे सपाट आणि धारदार येतात, जुन्यांच्या शेजारी ते वेगळे दिसतील, दिसू देत. डुगडुगणारा चिरा बसवायचा की तसाच ठेवायचा यावर मी काहीच बोलले नव्हते, पण गवंड्याने त्याच्यावर पाय ठेवला, तो खट् वाजला, आणि आत्याने पडवीतून विचारलं, "कोण आलं?" तो चिरा यादीतून वगळला आहे.

काम दसऱ्यानंतर. गवंडी म्हणाला, हा एक पावसाळा जाऊ द्या, पाणी कुठून कुठे धावतं ते आधी बघू. म्हणून नव्या वाटेच्या आखणीवर बांबूच्या खुंट्या ठोकल्या आहेत आणि आत्याच्या सोबतीची बाई दर मोठ्या पावसानंतर फोनवर फोटो पाठवते. पहिल्याच आठवड्यात वरच्या वळणावरच्या दोन खुंट्या वाहून गेल्या. आत्याने फोन करून सांगितलं की ती जागा चुकीची आहे, रस्त्याचं पाणी नेहमी तिथूनच आत शिरतं, तिच्या लहानपणीही शिरायचं, आणि विसावा तिथे न घेता हातभर अलीकडे, आंब्याच्या बाजूला घ्यावा. गवंड्याला कळवलं. त्याने जाऊन पाहिलं आणि खुंट्या हलवल्या.